पोचा नाही, मग भेग कशी?

बंदूक मी आयुष्यात एकदाही उडवलेली नाही. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल वाजवले असेल तेवढेच, आणि तेही एक डोळा मिटून. माझा व्यवसाय महाविद्यालयात मराठी शिकवण्याचा. अशा माणसाने रायफलीच्या काडतुसांवर लिहावे, आणि तेही दिवाळी अंकात, याचे वाचकांना नवल वाटणे साहजिक आहे. चकल्या-करंज्यांचे ताट पुढ्यात असताना हा दारूगोळा कशाला, असे गृहिणी विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की, या हकीकतीची सुरुवात काडतुसात नाही, घंगाळात आहे. आणि शेवटही घंगाळातच आहे. मध्ये थोडी दारू लागेल, पण ती पिण्याची नव्हे.

कोकणात आमच्या आजोळी पितळेचे एक मोठे घंगाळ होते. वर्षातून एकदाच, नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानासाठी ते खाली येई. एरवी गोठ्यावरच्या माळ्यावर, तांब्याच्या एका हंड्याशेजारी, ते पालथे पडलेले असे. १९८९ सालच्या दिवाळीत ते असेच खाली काढले, चिंच लावून लखलखीत घासले आणि कढत पाणी ओतले, तो काय! काठापासून निघून खाली तीन-चार बोटे गेलेली एक भेग, आणि तिच्यातून पाण्याची धार. पलीकडच्या बाजूला तशीच दुसरी, केसाएवढी बारीक.

घरी भांडी घासायला एक बाई येत असे. आम्ही मुले तिला काकी म्हणत असू. आजीने तिला हाक मारली.

“कुठं आपटलंस हे?”

“आपटलं नाही, आई. देवाशप्पथ नाही.”

“मग काय आपोआप फुटलं?”

या प्रश्नाला काकीजवळ उत्तर नव्हते. त्या वर्षी तिला दिवाळीचे पोस्त मिळाले नाही, आणि भाऊबीज झाल्यावर ती कामाला आली नाही. बारा वर्षे आमच्या घरी भांडी घासलेली बाई एका भेगेपायी उठून गेली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची सोय नव्हती. पण एक गोष्ट मी पाहिली होती आणि ती मनात रुतून बसली. घंगाळाला पोचा नव्हता. पितळेचे भांडे आपटले की आधी पोचा पडतो, हे चेंडूफळीपायी घरातले तांब्ये-पेले पोचवणाऱ्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. पोचा नाही, मग भेग कशी?

या कोड्याचे उत्तर मला पस्तीस वर्षांनी सापडले, आणि तेही अमेरिकेतल्या एका मोटारखान्यात.

रिकाम्या पुंगळ्यांचा संसार

माझी ताई पेनसिल्वेनिया राज्यात असते. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहतात. माझी भाची त्यांना चक्क मराठीत ‘आजोबा’ अशी हाक मारते, आणि तेही ओ देतात. त्या भागात शरद ऋतूच्या अखेरीला हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो, आणि त्याची तयारी आजोबांच्या मोटारखान्यात वर्षभर चाललेली असते. ही तयारी म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्या पुन्हा भरणे. आपल्याकडे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तिकडे मात्र हजारो घरांत हा छंद राजरोस चालतो.

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, पोटात दारू, बुडात ठिणगी पाडणारी टोपी, आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. गोळी जाते, दारू जळते, टोपी एकदाच वाजते. उरते ती पुंगळी. चौघांत महागही तीच. तेव्हा ती टाकून देणे काटकसरी माणसाच्या जिवावर येते. आपल्याकडे सरबताची बाटली धुऊन तिच्यात फिनेल भरणारी माणसे असतात. आजोबा त्याच जातीचे.

पण बाटली आणि पुंगळी यांत एक फरक आहे. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दर चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड असतो. शिकारीची रायफल उडते त्या क्षणी पुंगळीच्या पोटातला दाब पन्नास-साठ हजार पौंडांवर जातो, आणि त्या वेळी उडवणाऱ्याचा डोळा तिच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो. पुंगळीला भेग असेल तर तो जळता वायू वाट फुटेल तिकडे धावतो. आजोबांच्या उजव्या भुवईखाली एक पांढुरका वण आहे. “तरुणपणी एक भेग मी पाहिली आणि ओरखडा समजलो,” ते म्हणाले. “चष्मा होता म्हणून डोळा वाचला.”

त्या दिवसापासून प्रत्येक पुंगळी तपासल्याखेरीज ते भरत नाहीत. तपासण्याची पहिली रीत मला ओळखीची निघाली. पाच-सहा पुंगळ्या मुठीत घेऊन ते खुळखुळ्यासारख्या हलवतात. सगळ्या धड असल्या तर स्वच्छ किणकिण येते. एखादी तडकलेली असली तर आवाज बद्द होतो. कुंभाराकडून मडके वाजवून घेणारी आपली आजी काय वेगळे करते?

भेग कुठे आहे?

मराठीत फुटण्याला किती शब्द आहेत, पहा. काचेला तडा जातो, भुईला आणि टाचेला भेगा पडतात, दगडाला चीर जाते, दूध नासते तेव्हा तेही फाटते आणि मन दुखावते तेव्हा ते मोडते. शब्द वेगळा, कारण फुटण्याची तऱ्हा वेगळी. आजोबांना मराठी येत नाही, पण पितळेच्या बाबतीत त्यांची विवेकबुद्धी अशीच बारीक आहे. पुंगळी फुटली एवढे त्यांना पुरत नाही. ती कुठे फुटली आणि कोणत्या दिशेने, हे ते विचारतात.

शिकारी रायफलीची पुंगळी चंबूसारखी असते. खाली जाड बूड, वर सरळ पोट, मग उतरता खांदा, आणि शेवटी गोळी धरणारी बारीक मान. या प्रत्येक जागेची भेग वेगळी गोष्ट सांगते.

सर्वांत नेहमीची भेग मानेची, काठापासून खाली उतरणारी, उभी. रायफल उडली की मान फुगते. पुन्हा भरण्यासाठी ती पोलादी साच्यात दाबून बारीक करतात. मग आतून थोडी रुंद करून गोळी बसवतात. पुन्हा उडवली की पुन्हा फुगते. तार इकडून तिकडे वाकवत राहिले की ती आधी ताठर होते आणि मग तुटते, तसेच हे. अनेक वेळा भरलेल्या पुंगळ्यांपैकी एक-दोघींच्या माना चिरल्या तर ते म्हातारपण समजावे. त्या फेकाव्या, आणि बाकीच्यांच्या माना तापवून मऊ करण्याची वेळ झाली हे ओळखावे.

दुसरी भेग आडवी. आणि खरी घातकी तीच. जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथे, म्हणजे तळापासून पाव ते अर्धा इंच वर, ती पुंगळीला कंबरपट्ट्यासारखी वेढते. हिचे कारण ताणात आहे. रायफलीतली खोबण पुंगळीपेक्षा किंचित लांब असली, किंवा साच्यात दाबताना पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला गेला, तर प्रत्येक बाराला पुंगळी लांबीत ताणली जाते, आणि ताण त्या एका वळ्यात साठून भिंत आतून झिजत जाते. शेवटी एके दिवशी बूड निघून हातात येते, आणि पुढचा अर्धा भाग नळीतच अडकून राहतो. बाहेरून ही भेग दिसायच्या आधी फक्त एक चकचकीत रेघ दिसते. दुखणे हे की, साच्याची कड जिथे संपते तिथेही तशीच चकचकीत रेघ उमटते, आणि ती अगदी निरुपद्रवी असते!

मग खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायचे कसे? आजोबांचे हत्यार दोन पैशांचे आहे. कागद अडकवायची तारेची पिन त्यांनी सरळ केली आहे आणि तिचे टोक काटकोनात वाकवून घासून धारदार केले आहे. ती पुंगळीत तळापर्यंत घालायची आणि आतल्या भिंतीवरून हलकेच वर ओढायची. भिंत गुळगुळीत लागली तर रेघ बाहेरचीच. टोक मध्येच खाचेत अडकले तर पुंगळी मोडीत. त्यांनी ती तार माझ्या हाती दिली. तिसऱ्या पुंगळीत टोक अडकले, आणि अंधारात भिंतीवरून हात फिरवताना बटण सापडावे तसे मला झाले. अशी एक सापडली की आजोबा त्या खेपेच्या सगळ्याच बाजूला काढतात आणि साचा पुन्हा जुळवून बसवतात. कारण चूक एकट्या पुंगळीची नसते.

तिसरी भेग पोटाची, उभी. ती एखाद्याच पुंगळीला असेल तर बहुधा मूळ पत्र्यातच दुमड किंवा मळ राहिलेला असतो. त्याच रायफलीतून निघालेल्या अनेकींना असेल तर संशय रायफलीवर घ्यावा. भेग जितकी बुडाजवळ तितका धोका मोठा. आणि चौथी जागा म्हणजे खुद्द बूड. तिथे भेग असली, किंवा टोपी बसायची खाच सैल पडली असली, तर दाब प्रमाणाबाहेर गेला होता असे समजून आधी भरणाऱ्याने स्वतःचे कान धरावेत.

“भेग म्हणजे पत्र असतं,” आजोबा म्हणाले. “कोणी लिहिलं ते कळल्याशिवाय उत्तर देऊ नये.”

न उडताच फुटलेली काडतुसे

मग त्यांनी फळीवरून एक जुना डबा काढला. त्यात दोन भरलेली काडतुसे होती, काळपट पडलेली. ती त्यांनी उडवण्यासाठी नव्हे, तर नमुना म्हणून ठेवलेली. एक माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, “ही तुमच्या देशातून आलेली.” बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे होती. के म्हणजे खडकी! पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा; इंग्रजी अमदानीत खडकीला ‘किर्की’ म्हणत, त्याचे ते आद्याक्षर. सातासमुद्रांपार खडकीची खूण पाहून मला जो आनंद झाला, तो एखाद्या पुणेकरालाच समजेल.

पण आनंद बाजूला राहिला, कारण काडतुसाच्या मानेवर माझे लक्ष गेले. काठापासून खाली उतरलेली एक बारीक उभी भेग! टोपीवर घाव नाही, काडतूस उडालेले नाही, साच्यात कधी दाबलेले नाही, कुठे पोचाही नाही. नुसते डब्यात पडल्या पडल्या फुटलेले.

मला गोठ्यावरचा माळा आठवला.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘कार्तुश’वरून आला. काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. पण ती चरबी लावलेली काडतुसे कागदाची होती, आणि कागदाला काही भेग पडत नाही. पितळ ओढून केलेल्या एकसंध पुंगळ्या पुढे आल्या, आणि त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला एक चमत्कारिक रोगही आला. उन्हाळ्यात पेटीत धड ठेवलेली काडतुसे पावसाळा सरता सरता माना चिरलेली निघत. हात न लावलेली, बार न झालेली, आणि नेमक्या गोळी आवळलेल्या जागी फुटलेली. ऐन वेळी असे काडतूस रायफलीत घालणारा शिपाई शत्रूच्या आधी स्वतःच्या बंदुकीला भिणार. रोग ठरावीक ऋतूत उपटतो म्हणून साहेबाने त्याचे नाव ठेवले ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूची भेग. कारण कळले नाही की हवेवर घालायचे, ही रीत सार्वत्रिक आहे. आमच्या आजीने काकीवर घातले, साहेबाने पावसाळ्यावर.

खरे कारण उलगडले ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन इंग्रज संशोधकांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात गुन्हेगाराचे नाव सांगितले: अमोनिया. पावसाळ्यात काडतुसे कोरडी राहावीत म्हणून ती तबेल्यांतून ठेवीत. घोड्यांचे मूत आणि लीद कुजून जो झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारा वायू सुटतो, तो अमोनिया. दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि त्यातल्या तांब्याला गाठतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या क्षारात अमोनिया घातला की जो गडद निळा रंग उमटतो, तो ज्यांना आठवत असेल त्यांना या दोघांची सलगी किती, ते माहीत आहे. पुंगळीचे पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ते सूक्ष्म कणांचे बनलेले असते, आणि अमोनिया या कणांच्या सांध्यांत शिरतो. घराच्या विटा शाबूत ठेवून मधला चुना उकरून काढावा तसा.

पण निव्वळ अमोनियाने पितळ फुटत नाही. या शोधाचा खरा गाभा पुढेच आहे. त्याला घरातला एक फितूर लागतो. तो म्हणजे धातूच्या अंगात आधीपासून कोंडलेला ताण.

अंगात मुरलेला ताण

हा ताण कुठून येतो ते पाहायचे तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. तांबट तांब्याच्या पत्र्यावर हातोडी चालवतो तसतसा पत्रा कडक होत जातो. तो हट्टाने ठोकतच राहिला तर पत्रा चिरेल. म्हणून मध्येच तो भांडे भट्टीत घालून तापवतो. धातू मऊ होतो, अंगातला ताण सुटतो, आणि ठोकणे पुन्हा सुरू होते. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की कडक होते. तांबे-पितळ मात्र पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. हे ज्ञान तांबट पुस्तकातून शिकलेला नसतो.

कारखान्यातली पुंगळी याच वाटेने जाते. पितळेच्या चकतीची आधी वाटी, वाटी ओढून पेला, पेला ओढून नळी. आणि प्रत्येक ओढीनंतर भट्टीची ऊब. शेवटी मान घडवली की तेवढी मानच पुन्हा तापवतात. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो मळ नव्हे. मान तापवल्याची ती खूण आहे. बूड मात्र कधीही तापवायचे नाही. ते कठीणच हवे, कारण सारा दाब त्याने झेलायचा असतो. घरी माना मऊ करणारे जुने लोक पुंगळ्या बूड बुडेल एवढ्या पाण्यात उभ्या करूनच वरून ज्योत दाखवीत, ते याचसाठी.

आता हिंदुस्थानातल्या त्या जुन्या .३०३ काडतुसांचे काय झाले, पहा. त्यांत कॉर्डाइट नावाची दारू असे. ती भुकटीची नव्हे. शेवयांसारख्या काड्यांची जुडी असे. ती बारीक मानेतून आत घालणे जमत नसे. म्हणून आधी सरळ पुंगळीत जुडी भरत आणि मग तिची मान आवळत. एकदा आत दारू गेल्यावर त्या पुंगळीला भट्टी कोण दाखवणार? आवळलेल्या मानेतला ताण तसाच राही. वर गोळीची घट्ट पकड. त्यात श्रावणातली ओल आणि खालून घोड्यांचा अमोनिया. तिघे एकत्र आले की भेग ठरलेली.

तिघांतला कोणताही एक काढून घ्या, की भेग पडत नाही. उपाय त्यातूनच निघाले. साठा तबेल्याबाहेर, कोरड्या जागी हलवायचा, हा एक. आणि घडण संपल्यावर पितळ अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत हलके तापवून त्याचा कोंडलेला ताण सोडवायचा, हा दुसरा. एवढ्या उबेने धातू मऊ पडत नाही, त्याची ताकद जात नाही. फक्त अंगातली आढी सुटते. माणसांच्या बाबतीत इतका स्वस्त इलाज अजून निघालेला नाही.

पुन्हा भरणाऱ्याला यातून निदानाची शेवटची किल्ली मिळते. न उडालेल्या काडतुसाची मान फुटलेली दिसली, किंवा एका पेटीतल्या पुष्कळ माना एकदम फुटल्या, तर दोष साच्याचा नव्हे आणि हाताचाही नव्हे. काडतुसे कुठे ठेवली होती, ते विचारावे. आजोबांच्या ओळखीत एकाने पुंगळ्या चकचकीत दिसाव्यात म्हणून अमोनिया असलेल्या पॉलिशने घासल्या आणि स्वतःच्या हाताने विष लावून घेतले. पुंगळी लखलखीत असण्याशी तिच्या आरोग्याचा काही संबंध नाही. गृहिणींनीही हे ध्यानात ठेवावे. चिंच-लिंबाने पितळेला असली इजा होत नाही. ते आंबट आहे, अमोनिया नव्हे. मात्र पितळेचे प्रमाणाबाहेर आवळलेले नट-तोट्या मोरी-संडासाच्या आसपास असतील, आणि त्या वर्षा-दोन वर्षांत आपोआप चिरत असतील, तर नळवाल्याशी भांडण्याआधी अमोनियाची आठवण करावी.

पुन्हा घंगाळ

त्या रात्री ताईकडे मला झोप आली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मी एकेक धागा जुळवीत होतो. घंगाळ पितळेचे, काठ ठोकून वळवलेला. म्हणजे ताण काठातच. भेगा काठापासूनच निघालेल्या, उभ्या, आणि एकीऐवजी दोन, समोरासमोर. आपटलेले भांडे दोन्ही बाजूंनी एकदम कसे फुटेल? जागा गोठ्यावरचा माळा. खाली चार गुरे, त्यांचे मूत, आणि कोकणचा चार महिन्यांचा पाऊस. अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वरच चढणार. आणि सगळ्यांत मोठा साक्षीदार म्हणजे शेजारचा हंडा. तोही त्याच माळ्यावर, त्याच वासात, तितकीच वर्षे होता. पण तो तांब्याचा होता. ज्यात जस्त नाही त्या शुद्ध तांब्याला हा रोग सहसा होत नाही. हंडा धड राहिला होता.

“मग काय आपोआप फुटलं?” आजीने विचारले होते. होय आजी, आपोआपच फुटले!

हे न्यायालयात टिकेल असे मी म्हणत नाही. पण काकीवर आरोप ठेवायला जो पुरावा होता, त्याच्यापेक्षा हा पुष्कळ बरा आहे.

यंदा मे महिन्यात मी आजोळी गेलो. आजी जाऊन वीस वर्षे झाली. गोठ्याच्या जागी आता मोटार उभी असते. काकीही राहिली नाही. तिचा मुलगा गावातच असतो, त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मी ओळख दिली, चहा झाला, आणि मग जरा अवघडतच घंगाळाची गोष्ट काढली. तबेला, अमोनिया, खडकी, सगळे सांगितले. तो हातातली पाने-पक्कड बाजूला ठेवून ऐकत होता.

“आई म्हणायची, मी नाही पाडलं,” तो म्हणाला. “आम्हांला ते खरंच वाटायचं, भाऊ. पण तुमच्या घरातलं कोणी येऊन हे बोलेल असं तिला वाटलं नसतं.”

थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग त्याने विचारले, “ते घंगाळ आहे का अजून? बघितलं असतं एकदा.”

मला मान खाली घालावी लागली. ते घंगाळ आजीने त्याच वर्षी मोडीत घातले होते. त्या मोडीतून आलेल्या पैशांत थोडी भर टाकून स्टेनलेस स्टीलचे पिंप आणले होते. ते अजून आमच्या मोरीत आहे. त्याला एक मोठा पोचा आहे, आणि तो कोणी पाडला ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तो मी पाडला.